मेलेसियो काप्तानाचे दगड

— ठेवा. तो पांढरा दगड होता तिथं ठेवा, सर, मग काय ते बोलू. आणि तुमच्या गड्यांना सांगा, पहारी झाडाला टेकवा म्हणावं. मी उठणार नाही. म्हातारा माणूस, या ढिगावर बसलो की उठायला तसाही वेळ लागतो.

काय म्हणालात? सन्मान? मेलेसियो काप्तानाचा सन्मान करायला मनिलाहून आलात — बरं केलंत. जरा उशीरच झाला. दाखवा ते पुतळ्याचं चित्र परत. हा? हा मेलेसियो? याला बूट घातलेत तुम्ही. वर कोट. नाक तर स्पॅनिश पाद्र्याचं लावलंय. अहो, नारळावर चढून माडी उतरवणारा माणूस तो, पायाची बोटं अशी फाकलेली — कुठल्या बुटात मावली असती? पण नाही, तुम्हाला शूर माणूस गोराच लागतो. शाळेनं डोळ्यांत घातलंय ना तसं.

म्हणे अपमानाचे दगड आहेत, उपसून टाकू. अपमानाचेच आहेत, मी कुठं नाही म्हणतो? अमेरिकन आले, त्यांनी कायदाच केला — डोंगरात राहून लढेल तो दरोडेखोर. मोठेमोठे सेनापती शपथ घेऊन खाली उतरले. हा उतरला नाही. त्याच्यापायी अमेरिकनांनी सगळं गाव तारेच्या कुंपणात कोंडलं, माणसं तापानं मेली — गावाचाही राग खोटा नव्हता. शेवटी धरला, फाशी दिला, आणि पाद्र्यानं दफनभूमीत जागा दिली नाही म्हणून इथं नदीकाठी पुरला. मग शाळा निघाली. इंग्रजी पुस्तकात याचं नाव आलं — दरोडेखोर म्हणून. मास्तर आपलाच, शेजारच्या गावचा, पण चार जुलैला अमेरिकेचा झेंडा चढवून झाला की पोरांची रांग इथं आणायचा — मारा रे चोराला! नेम बसेल त्याला बिस्किट. मास्तर मेला, अमेरिकन गेले, सवय राहिली. आता जो जातो तो मारतो, का ते कुणालाच ठाऊक नाही. न मारता पुढं गेलं तर पाय सुजतात म्हणे. डोक्यावर टोपली असलेल्या बाया पायानं ढकलतात एक.

आणि त्या दगडांनीच तर राहिला तो! पुरात दफनभूमीतली निम्मी माणसं, चांगली कोरीव क्रूसवाली, समुद्रात गेली. हा हलला नाही. सगळ्या गावाच्या शिव्या अंगावर घेऊन पडून राहिला — आणि त्याच तुम्ही उपसणार, वर सिमेंट ओतणार.

पांढरे? हां — ते मध्येमध्ये दिसतात ते. ते इथले नाहीत, वर धबधब्यापाशी मिळतात. एक बाई आणायची. मृतांच्या दिवशी गाव दफनभूमीत मेणबत्त्या लावायचं, भात ठेवायचं, रात्रभर पत्ते खेळत बसायचं आपापल्या माणसापाशी. तिनं कुठं लावायची मेणबत्ती? इथं लावली असती तर गावानं पाणी बंद केलं असतं. म्हणून तीही दगडच मारायची, चारचौघींसारखी. तोंडानं चोर म्हणायची. फक्त दगड शालीखाली धरून उबदार केलेला असायचा, आणि हात असा खालून — झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवतात ना, तसा. आवाज होऊ द्यायची नाही. मला म्हणायची, जोरात नको रे, बाबांना लागेल —

काय बघताय? बाबा म्हणालो? कोण म्हणालं? म्हातारपणी जीभ घसरते. लिहू नका — ती वही मिटा आधी! आमचं आडनाव वेगळं आहे, विचारा गावात कुणालाही. माझ्या लेकींना ठाऊक नाही. काल माझी नात शाळेला जाताना इथूनच दगड मारून गेली, चांगला हात उगारून, वर हसली माझ्याकडे बघून. तिच्या पुस्तकात त्याचं नावसुद्धा नाही आता. दरोडेखोर म्हणून तरी होतं पूर्वी.

न्या तुमचा पुतळा. चौकात उभा करा, हार घाला, बूट पुसा त्याचे. मी असेपर्यंत इथला दगड हलायचा नाही. ए गड्या, उचल पहारी, निघा.

आणि सर — रिकाम्या हातानं कुणी जात नाही इथून. रीत आहे. मारा एक.

हळू.