बारकीला घातलेला भात

आमी श्रीवर्धनच्या अलीकडचे, पोफळीवर चढून सुपारी काढणारे. माजा बाप चढायचा, आजा चढायचा, मीबी मिसरूड फुटायच्या आधी चढलो. वाड्या दुसऱ्यांच्या, चढणारे आमी. एका पोफळीच्या शेंड्यावरनं झोका घेऊन दुसरी धरायची, खाली उतरायचंच न्हाय, असं वाडीच्या ह्या टोकापासनं त्या टोकाला जायचं, आणि मी त्यात हुशार व्हतो. तेवढं आधी लिहून घ्या मास्तर, कारण पुढं माज्याकडं चांगलं सांगण्यासारखं काय न्हाय.

स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी पडलो. दुसरी पोफळ हातात आली आणि निसटली. मांडीचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या, म्हणाला, चार महिने हलायचं न्हाय. पोरबाळ झालेलं नव्हतं, घरात मी आणि माजी बायको सुंदरा. ती सकाळी सुपारी सोलायला वाडीत जायची ती दिवस कलल्यावर यायची, आणि मी आपला भिंतीकडं तोंड करून पडलेला. बोलायचो न्हाय. तिनं काय विचारलं तरी न्हाय. मरण येईल तर बरं, असं एकदा म्हणालो, तेवढंच.

मंग एक दिवस तिनं पदरातनं कोंबडीचं पिल्लू आणलं. मुंगसानं त्याची आई नेलेली. माज्या छातीवर ठेवलं आणि म्हणाली, तुमी सांभाळा, मला येळ न्हाय. काय सांगू तुमाला, एवढा मोठा बाप्या मी, पण ते पिल्लू काखेत शिरून झोपायचं, दाढीतनं चोच फिरवायचं, आणि मी त्याच्याशी बोलायला लागलो. बारकी नाव ठेवलं. वाढली तरी बारकीच राहिली, ओंजळीत मावायची. बाहेर सोडली तरी फिरून माज्या उशाला.

आता ते सांगतो. त्या वर्षी तांदूळ रेशनवर, मापात मिळायचा. सुंदरा माजं दुपारचं ताट झाकून जायची, भात आणि कुळथाची पिठी. त्यातला भात मी बारकीला घालायचो. आधी चार शितं, मंग चिमूट, मंग मूठभर. आणि रात्रीला मीच म्हणायचो, आजून वाढ. ती वाढायची. टोपात मागं काय राहिलं ते मी बघितलं न्हाय. वाकता येत नव्हतं म्हणा, पण विचारता तर येत व्हतं. विचारलं न्हाय.

एका दुपारी दोघी बायका सुंदराला धरून घेऊन आल्या. वाडीत चक्कर येऊन पडलेली. त्यात शेजारची काशीवैनी व्हती. तिनं विचारलं, अगो, सकाळी काय खाल्लंस? पेज, म्हणाली. आणि काल? पेजच. काशीवैनीनं टोप उघडून बघितला, आत नुसती पेज, आणि तवाच बारकी माज्या ताटात उभी राहून भात टिपत व्हती. काशीवैनी म्हणाली, कोंबडीला भात आणि बाईला पेज. मोठ्यानं न्हाय म्हणाली. मोठ्यानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आणि सुंदरा पडल्या जागेवरनं म्हणते, मीच घालायला सांगते त्यांना, अंडी देईल म्हणून.

बायका गेल्यावर मी म्हणालो, मला ठाव नव्हतं. ती म्हणाली, मला व्हतं. चटई झाडताना शितं सापडायची. मी म्हटलं, मंग बोलली का न्हायस? तर म्हणाली, बारकी आल्यापासनं तुमी बोलायला लागलात.

मी म्हटलं, काप तिला. कापली न्हाय. बारकी पाच वर्षं जगली, लय अंडी दिली, ती मी सुंदराला उकडून द्यायचो आणि समोर बसून खायला लावायचो. पण आळीला सगळं कळलेलं. हाड जुळल्यावर मी लंगडत विहिरीवर गेलो की बायका गप व्हायच्या. त्यांचं बरोबर व्हतं.

चढणं सुटलं, आता वाडीत शिंपणं करतो. दोन मुली झाल्या, मोठीचं लगीन झालं. घरात भात मीच वाढतो, सुंदराला आधी. मुली हसतात. त्यांना वाटतं, बापाचं आईवर लय प्रेम.

माफी मागितली काय म्हणता? न्हाय मागितली. एकदा तोंडापर्यंत आली, तर ती म्हणाली, जेवा गप, भात निवतो. देवानं तिला माज्याहून जास्त आयुष्य द्यावं, एवढंच मागतो. परसात हाय ती, येईलच एवढ्यात. आली की दुसरं कायतरी विचारा, मास्तर.