होनोकाच्या गुडघ्याचा नवस

(रविवारची दुपार. लंडनमधल्या इल्फर्डजवळचं फुटबॉलचं मैदान, मॅच रंगात आलेली. सिप्पोराच्या घरी राहणारी जपानी खेळाडू होनोका बाकावर. स्टँडमध्ये सत्तरीची सिप्पोरा, मराठी बेने इस्रायली ज्यू, आणि बेसिंगस्टोकहून आलेली, इंग्लंडातच वाढलेली तिची भाची अदीना.)

सिप्पोरा : ...झोपलाय का हा कोच? ऑपरेशन होऊन वर्ष झालं, पोर ठणठणीत आहे, आणि हा तिला अजून बाकावर बसवून ठेवतो!

अदीना : आत्या, बसा ना. मागच्या लोकांना दिसत नाही.

सिप्पोरा : मग त्यांनाही म्हणावं उभे राहा. माझा जीव थाऱ्यावर नाही. पोहे निवडून ठेवलेत, नारळ खोवलाय, खजूर धुतलेत. होनोकाचा पाय मैदानाला लागला की घरी जाऊन मलिदा करायचा.

अदीना : आजच? उद्या करा की.

सिप्पोरा : नवस आहे तो. तिला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा आपल्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला बोलले होते, हिचा गुडघा बरा होऊ दे, ही पुन्हा खेळू दे, मलिदा करीन. त्यात आजउद्या चालत नाही.

अदीना : आत्या, मला एक गोष्ट सांगायचा आहे. कारमध्येच सांगणार होते. म्हणजे होनोकानेच रिक्वेस्ट केली मला.

सिप्पोरा : गुडघा दुखतोय परत?

अदीना : नो, नो. गुडघा फाइन आहे. जपानमधून ऑफर आलाय. तिच्या गावचा क्लब, जिथे ती लहान असताना स्टार्ट केली. पुढच्या सीझनला कॅप्टन.

सिप्पोरा : नाही म्हणाली ना?

अदीना : अजून काहीच नाही म्हटलं. उद्या आन्सर द्यायचं आहे.

सिप्पोरा : का, इथला क्लब काढून टाकतोय तिला? या क्लबनंच माझ्या घरी राहायला पाठवली, तेव्हा धड चहा मागता येत नव्हता पोरीला. डोक्याला टाके घालून खेळलीय यांच्यासाठी. रक्ताचा टॉवेल मी धुतलाय! जपानच्या राष्ट्रीय टीमचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात गुडघा गेला, तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. यांना काय ठाऊक?

अदीना : क्लब ठेवणार आहे तिला. पण बेंचवर. नवीन डिफेंडर घेतलीय, टीनेजर. होनोका थर्टी-वन आहे, आत्या. किती सीझन राहिलेत तिच्याकडे?

सिप्पोरा : मग जाऊ दे की. कोण अडवतंय?

अदीना : तुम्ही.

सिप्पोरा : मी?

अदीना : विंटरमध्ये तुम्ही किचनमध्ये पडलात, ऍम्ब्युलन्स तिनेच बोलावली. ती म्हणते, आंटी एकटी कशी राहणार? आंटी थांब म्हणाली तर मी थांबते. पण तुम्हाला विचारायला जमत नाही तिला. जिन्यावर उभी राहते आणि परत वर जाते.

सिप्पोरा : तरीच. शुक्रवारी मी दिवे लावत होते, तर बाजूला येऊन नुसती उभी. मला वाटलं, भूक लागली असेल.

अदीना : मग तिला काय सांगू?

सिप्पोरा : थांब गं जरा. एफ्राईम अश्दोदला गेला, ऍलन टोरांटोला गेला. दोघांनाही मी एअरपोर्टवर हसून हात हलवला आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. पोटच्या पोरांना थांबा म्हटलं नाही. हिला एकदा म्हटलं तर काय बिघडलं?

अदीना : काही नाही. ती थांबेल.

सिप्पोरा : तेच तर! ती खरंच थांबेल.

अदीना : मी येत जाईन ना वीकेंडला.

सिप्पोरा : तू! सणाला तोंड दाखवतेस ते पुरे आहे. नाही, माझंच चुकलं. नवस बोलताना नुसतं 'खेळू दे' म्हटलं. 'इथे, माझ्याजवळ' असं म्हणायचं सुचलंच नाही.

अदीना : आता ऍड करता नाही येत?

सिप्पोरा : वेडी का काय! ती काय हॉटेलातली ऑर्डर आहे?

अदीना : आत्या, बघा! बोर्डवर तिचा नंबर. ती येतेय!

सिप्पोरा : कुठंय? हां... वाकली बघ. रेषेपाशी आली की वाकतेच. मैदानाला विचारून आत जायचं असतं म्हणे.

अदीना : ती स्ट्रायकर खूप फास्ट आहे, तिच्यावरच ठेवलंय हिला.

सिप्पोरा : होनोका! मागे बघ, मागे!

अदीना : आत्या, तिला मराठी...

सिप्पोरा : एवढं कळतं तिला. अरे देवा, पडली! त्याच पायावर पडली!

अदीना : पडली नाही, टॅकल केली. क्लीन! बॉल बाहेर गेला. डोळे उघडा ना.

सिप्पोरा : उठली?

अदीना : उठली. धावतेय पण.

सिप्पोरा : धावतेय. बाई, काय धावतेय! आणि हिला बाकावर बसवायचं? माझी औषधं काढून द्यायला? मला काही लाज आहे की नाही!

अदीना : मग मी तिला सांगू?

सिप्पोरा : तू गप्प बस. मी बोलेन, मलिद्याचं ताट पुढ्यात ठेवून. आज तिलाच कालवायला लावते. हात बसायला हवा तिचा.

अदीना : तुम्ही रडताय.

सिप्पोरा : रडते, मग काय करू? तुझा फोन काढ आधी. तिच्या त्या गावात ओला नारळ मिळतो का, बघ.