बिघडलेली यादवी

शांतिसेनेचं मला काय सांगता, यार! एका अख्ख्या देशातली यादवी मी एकटीनं बिघडवलीय.

देश अर्थातच खोटा. मानेसरजवळच्या लष्करी मैदानावर शांतिसेनेचा सराव होता. युद्धानं पोळलेल्या देशात लष्कर आणि आम्ही मंत्रालयातले मुलकी अधिकारी मिळून शांतता कशी आणतो, ते परदेशी पाहुण्यांना दाखवायचं होतं. सोंगात मी गावची सरपंच, बंडखोरांचे म्होरके साताऱ्याचे एक सुभेदार. आम्ही कडाकडा भांडायचं, मग कर्नलसाहेब आणि आमचे जॉइंट सेक्रेटरी समेट घडवणार.

नेमकी त्या दिवशी संक्रांत. मराठी माणूस भेटला म्हणून सकाळीच मी सुभेदारांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

पाहुणे खुर्च्यांवर बसले, सुभेदार बंदूक घेऊन माझ्यासमोर आले आणि बंदूक खाली टेकवली. मग हळूच म्हणाले, "ताई, तुमचा तिळगूळ खाल्लाय. आज शिव्या कुठल्या तोंडानं देऊ?"

कर्नल धावत आले. "लड़ाई कहाँ है?"

"सर, हमारा समझौता हो गया," मी म्हणाले.

"ऐसे कैसे हो गया? शांति फौज लाएगी!"

"फौज क्यों?" आमचे साहेब उसळले. "शांति सिविल का काम है!"

मग जी जुंपली! एकमेकांच्या खात्यांचासुद्धा उद्धार झाला. शेवटी सुभेदार आणि मीच मध्ये पडलो, डब्यातला उरलेला तिळगूळ दोघांना भरवला.

पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाकी सगळे ठीक होते, पण ते दोन बंडखोर अगदी खरे वाटले!"