बांधावरची थाळी

मायबापहो, आन् मागं उभ्या असलेल्या पोरीहो,

मी सलमा. दुसरबीडच्या याच शाळेत मार्था सिस्टरच्या हाताखाली शिकली, आता इथंच शिकवते. परवा आपण सिस्टरले माती दिली. आज त्यायच्यासाठी बोलाले उभी राह्यली. दुःख त आहेच. पन खरं सांगू? मले भेव वाटून राह्यलं.

सिस्टर आपला मुलूख सोडून, समुद्र ओलांडून इथं शाळा काढाले आल्या. बोली मात्र आपलीच शिकल्या. शाळा बुडवली की म्हनत, "काऊन आली नाही बे?" गोऱ्या बाईच्या तोंडून 'बे' ऐकून आमाले हसू ये.

मंग बीटी कापसाच्या बियाण्याचे प्लॉट आले. संध्याकाळी कळ्या सोलाच्या, सकाळी फुलाफुलाले पराग लावाचा, यालेच क्रॉसिंग म्हनत. पोरींचे बोटं बारीक, म्हून आमालेच धाडत. शाळा ओस पडली. सिस्टर रडत बसल्या नाहीत. दुपारी क्रॉसिंगचं काम थांबते ना? तेवढ्यात त्या बांधावर येत, थाळी वाजवत, आन् आमी लिंबाखाली शिकाले बसो.

एक दिवस प्लॉटवाला काठी घेऊन आडवा आला. "बाई, माघारी फिर. पोरी आमच्या हायेत." सिस्टर हलल्या नाहीत. थाळी वाजवतच राह्यल्या. आमी सरीतून एकेक बाहेर निघालो. मी इचारलं, "सिस्टर, तुमाले भेव नाही वाटत?"

म्हने, "वाटते की बे! म्हून त थाळी वाजवते. वाजवताना हात कापते, हे कोनाले समजत नाही."

काल रामरावकाका, आता ज्यायचे प्लॉट आहेत ते, आमच्या घरी आले. काका, तुमी आता इथं समोरच बसले. तुमी म्हनले, "सलमा, सिस्टर गेली. आता सीझनभर शाळा बंद ठेव. तुले याच गावात राहाचं आहे." काका, तुमी ओरडले असते त बरं होतं. त्या हळू बोलन्याचंच मले जास्त भेव वाटलं.

उद्या क्रॉसिंग सुरू होते. मी गोरी नाही, परदेशची नाही. मले कोनी काठी मारली त कोन इचारन? सांगा ना, कोन इचारन?

तरी उद्या दुपारी मी बांधावर येते. पोरीहो, थाळी लय जोरात वाजली, त समजून घ्या, सलमाचे हात लय कापून राह्यले. पन तुमी सरीतून निघा.

सिस्टर, तुमाले सलाम.

चला, आता सारे उभे राहू. काका, तुमीबी उठा. घडीभर गप राहू.