कागदांवरची दौत

आत्या : पुन्हा पहिल्यापासून. मी वकील, तू न्यायाधीश. पाय खाली घे.

ठमी : न्यायाधीश मांडी घालत नाहीत?

आत्या : घालत असतील. टेबलाआड कुणाला दिसतंय? ऐक. बाटली आडवी झाली की पाणी झाकणातल्या रबरी चकतीला आतून ढकलतं. जितकं ढकलतं, तितकी चकती घट्ट बसते. कळलं?

ठमी : कळलं. मलाच का गं सांगतेस दर खटला?

आत्या : तुला कळलं की कोर्टाला कळतं. आधी तुझ्या बाबाला सांगायचे, तर तो घोरायला लागायचा.

ठमी : अजूनही लागतो. पुढे?

आत्या : मोठी कंपनी म्हणते, ही युक्ती आमची, पेटंट आमच्या नावावर. आणि कारखानावाल्या मावशी तशीच झाकणं करतात. हरलो, तर त्यांच्या कारखान्याला कुलूप. बारा माणसं घरी बसतील.

ठमी : मग जिंक की!

आत्या : कंपनीच्या आधी कुणी हीच युक्ती केली होती असं दाखवलं, तर पेटंट टिकणार नाही. सहा महिने चार देशांच्या नोंदी चाळतेय. हाती काही नाही, आणि पुरावे द्यायची मुदत उद्या संपते.

ठमी : आत्या, आजोबांच्या दौतीचं झाकण असंच आहे ना?

आत्या : कुठली दौत?

ठमी : ही काय, कागद उडू नयेत म्हणून तूच ठेवलेली! उघड. दिसली चकती? मी पाणी भरून आडवी ठेवली होती. तुझ्या गादीवर.

आत्या : माझ्या गादीवर?

ठमी : अगं, थेंब नाही सांडला! तेच तर सांगतेय.

आत्या : चष्मा दे. तळाशी साल कोरलंय... ठमे! पेटंटच्या तीस वर्षं आधीचं!

ठमी : चार देश फिरलीस, टेबल तेवढं राहिलं.

आत्या : चिडव, आज तुला सगळं माफ.

ठमी : आता ही कोर्टात जाणार?

आत्या : जाणार. तज्ज्ञ कदाचित कापूनही बघतील.

ठमी : आजोबांची दौत? तुला चालेल?

आत्या : बाबा फिरतीवर निघाले की हिच्यात शाई भरून द्यायचं काम माझं होतं... चालेल गं. बारा घरं आहेत.

ठमी : आत्या, पंखा! कागद उडाले!

आत्या : हात ठेव त्यांच्यावर. मी मावशींना फोन करते.