फाट्यावरचा कॅमेरा

बदनापूरच्या स्टँडवर मी जालन्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर मल्हारी नावाचा एकजण आणि त्याची गोपिकामावशी बोलत होते.

"मल्हारी, तुमच्या फाट्यावर गाड्या लई हळू चालून राह्यल्या रे."

"कॅमेरा बसवला ना, मावशी. जोरात गेलं की फोटू निघतो."

"पोलिसांनी बसवला का?"

"पोलीस एकच दिवस कॅमेरा घेऊन आल्ते. ते गेले, की ट्रक पुन्हा सुसाट. आबारावची पोरगी शाळेतून येताना थोडक्यात वाचली. मंग मीच बसवला."

"तुला कुठं भेटला?"

"तेलाचा डबा काळा रंगवला, जुन्या बॅटरीची गोल काच लावली, आन् तीन बांबूंवर उभा केला."

"आन् पोलिसांनी पाह्यलं म्हंजे?"

"पाह्यलं की. काल मोठ्या साहेबाची जीप आल्ती. मी लिंबामागं लपलो."

"साहेब खाली उतरला?"

"न्हाई. डबा दिसला तसा ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. साहेबानं टोपी सरळ केली, आन् जीप बैलगाडीच्या चालीनं निघून गेली."

"टोपी कशाला सरळ केली?"

"फोटूत बराबर यावी म्हणून."