बारा उलट्या काड्या

सव्वादहा वाजले होते, दादा — बरोबर सव्वादहा, मंगरूळची गाडी फाट्यावर थांबून भोंगा वाजवते न, तवाच सारं सुरू झालं. अन् तुमी आता इचारता, हे झाड त्या आंधळ्या लखमाच्या हातचं तं नाई? हात असा मांगं घेतला, जसा इंगळावर पडला. काहून? काय केलं त्यानं तुमचं? कामरगावात सगळे असंच म्हंतात? सगळे? — बसा त्या दगडावर. मालक, पंजाबराव, मोटरपंप पाहाले गेले, ते आल्याबिगर पावती भेटनार नाई. तोवर झाड पाहा. विलो म्हंतात मालक, आमी विलायती वाळुंज म्हंतो. कशा फांद्या सोडल्या खाली, केस धुऊन बसलेल्या बाईवानी! पण पायात तिच्या जीव नाई, आपल्या मुळावर उभी केली तं उन्हाळ्यात वाळते. म्हणून खाली आपली नाल्याकाठची वाळुंज — नुसती खुपसली तरी जगते, एका पावसात डोक्याएवढी होते. तिचा खुंट छातीएवढा कापायचा, मधात चीर पाडायची, हिच्या डोळकाडीले, म्हंजे कोंबाचे डोळे असलेल्या काडीले, पाचर करायची, चिरीत बसवायची, मेण लावलेल्या कापडानं आवळायचं. अन् कलम बांधणाऱ्याचं नाव पत्र्याच्या पट्टीवर खिळ्यानं कोरून बुडाशी लटकवायचं, ही या वाडीची रीत. बाईमानूस असून नावं मीच कोरतो सगळ्यायची. सातवी शिकली न मी. लखमाबाबाले अक्षर येत नाई.

थांबा — माही पोरगी कुसमुसली का? नाई. झोपली हाये. झोळी हालली का मले तसंच वाटते. तं यंदाच्या, पंच्याहत्तरच्या माघातली गोष्ट. डाकबंगल्यासाठी चोवीस झाडं पाहिजे होती, लखमाबाबाच्याच हातची, म्हणून सकाळीच म्या चोवीस पट्ट्यायवर ‘लखमा’ कोरून ठेवलं. दहापर्यंत त्यानं बारा बांधली. मंग मेण सरत आलं. भोंगा वाजला तसा तो गाडीकडं पळाला, शेलूबाजाराहून मेण आणाले — मांगं पाहून वरडला, “काड्या पोत्याखाली हायेत, भागिरथा, तू लाग, पुरते तेवढं मेण डब्यात हाये!” काड्या त्यानं वीत-वीतभर कापून ओल्या पोत्यात ठेवलेल्या, दोन्ही टोकं सारखीच. अन् पोरगी — चार महिन्यांची, पहाटेपासून अंग तापलेलं — रडत होती तोवर बरं होतं, दादा, रडनं थांबलं न, तवापासून — एक काडी बांधायची, झोळीकडं पळायचं, नाकापाशी बोट धरायचं, बोटाले श्वास लागला का पळत यायचं, दुसरी बांधायची. कोनाचं ध्यान राह्यते? आंब्याचा डोळा वर पाहाते, बोरीचा वर पाहाते, हे मले माहीत होतं. पन मालकाच्या बंगल्यापुढं ह्या झाडाचे डोळे म्या पाह्यले होते न — सगळे जमिनीकडं. तं म्या जमिनीकडंच ठेवले. शेंड्याकडचं टोक खुंटात, बुडाचं आभाळाकडं. एक नाई, दोन नाई, बाराच्या बारा —

काय म्हणलं मी आता?

नाई, तुमी आयकलंच. म्हणलं तं म्हणलं. तीन हप्त्यानं त्याची बारा फुटली, माही बारा काळी पडली. मालक आले, पट्टी वाचली — लखमा. दुसरी वाचली — लखमा. चार मजुरायपुढं म्हणाले, “लखमा, डोळे गेले तुये. सांगाचं तरी होतं.” लखमाबाबानं एक बांधनी सोडली. गाठ पाह्यली. मी दुहेरी गाठ मारतो, झोळीले मारतो तशी, वाडीत दुसरं कोनी मारत नाई. काडी बोटात फिरवली, उलटी केली, सुलटी केली, अन् मायाकडं पाह्यलं. म्या काय केलं असंल? म्या झोळीत डोकं घातलं. पोरगी चांगली खेळून राह्यली होती, तरी घातलं. तो म्हणाला, “हो मालक. दिसत नाई आता.” चाकू पुसून खिशात टाकला. जाता जाता मले म्हंतो, वारं हाये, पोरीच्या कानाले फडकं बांध. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती!

सुईत दोरा पहिल्याच खेपेले ओवते तो, दादा! आंधळा कायचा! आता लेकीच्या घरी बसला हाये, कामरगावात, अन् संत्र्याच्या एका कलमाले कोनी हात लावू देत नाई म्हंतात. खरं हाये? तुमीच पाहा न, कसा हात मांगं घेतला. म्हणा, तू काहून नाई सांगतलं? पोरीचा बाप सडकेच्या कामावर, दूर, महिना महिना येत नाई. माया हातचं काम गेलं तं हिले दूध कुठून? असं मी रोज म्हंतो. रोज सव्वादहाले भोंगा वाजते, अन् हातातली काडी मी चारदा फिरवून पाहातो, तरी भरोसा येत नाई.

मोटर बंद झाली. मालक येऊन राह्यले. उठा, उचला झाड — हे त्याच्याच हातचं हाये, फुटलेल्या बारातलं, हात लावा, काई होत नाई. अन् ही पट्टी घ्या, वाळलेल्या बारातली. ‘लखमा’ खोडलं हाये, खाली कोरलं ते वाचता येते न? लवकर ठेवा खिशात. नाई, राहू द्या, हातातच राहू द्या. मालकानं पाह्यलं तं पाह्यलं. गाडीतून उतरले का थांब्यावर मोठ्यानं सांगा, संत्रावाल्यायले सांगा, पारावर बसलेल्यायले सांगा — वाळलेली बारा भागिरथानं बांधली होती. लखमाबाबाले सांगू नका. त्याले माहीत हाये. बाकीच्यायले सांगा.